कार्ड स्लॉटमध्ये आहे, पण लिनक्सला दिसत नाही : ओळख कोणी करून द्यायची, याचा चाळीस वर्षांचा इतिहास

विज्ञानात संशोधन करायचं ठरवलं की आपण पेट, नेट, सेट, गाईड, संशोधन आराखडा यांबद्दल भरपूर बोलतो. पण प्रयोगशाळेत पाऊल टाकल्यावर आठवडेच्या आठवडे खाऊन टाकणारी जी कामं असतात, त्यांच्याबद्दल आधी कोणी सांगत नाही. त्यातलंच एक आज घेतो.

प्रसंग साधारण असा असतो. एक छोटा एम्बेडेड बोर्ड आहे, त्यावर लिनक्स चालतंय. मोजमापासाठी, साठवणीसाठी किंवा नेटवर्कसाठी एक एक्स्पान्शन कार्ड मागवलं. ते स्लॉटमध्ये बसवलं, स्क्रू लावला, वीज दिली. बोर्ड व्यवस्थित चालू झाला. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा देऊन यादी पाहिली, तर त्यात कार्डाचं नाव नाही. काढून पुन्हा बसवलं, तरी नाही. दुसरी इमेज टाकून पाहिली, तरी नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतं, "कार्डच खराब आलंय." कार्ड डब्यात जातं, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद राहते आणि काही वर्षांनी निर्लेखनाच्या यादीत ते दिसतं. ज्या महाविद्यालयाला असं कार्ड पाच वर्षांतून एकदा घेता येतं, तिथे ही छोटी गोष्ट नाही. कधीकधी त्या कार्डाबरोबर एखाद्याचा विषयही बदलतो.

अशा वेळी मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: या कार्डाची संगणकाशी ओळख करून देण्याची जबाबदारी कोणाची होती? गेल्या चाळीसेक वर्षांत ही जबाबदारी आधी माणसाकडे होती, मग ती कार्डाकडे गेली, मग तारेच्या दोन्ही टोकांकडे मिळून गेली आणि एम्बेडेड लिनक्समध्ये तिचा मोठा भाग पुन्हा माणसाकडे आला. हा प्रवास समजला की "कार्ड दिसत नाही" या एका वाक्यात किती वेगवेगळे बिघाड दडलेले असतात ते कळतं, आणि तपास कुठून सुरू करायचा तेही कळतं.

जंपरचा काळ आणि मराठीचं कार्ड

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्यात ८ बिटांचे स्लॉट होते. १९८४च्या पीसी-एटीमध्ये ते १६ बिटांचे झाले. पुढे हीच रचना आयएसए या नावाने ओळखली गेली. या रचनेत कार्डाला स्वतःचं नाव सांगण्याची सोयच नव्हती. प्रत्येक कार्डाला एक पोर्ट-पत्ता लागायचा आणि प्रोसेसरचं लक्ष वेधण्यासाठी बहुतेक वेळा एक इंटरप्ट ओळ लागायची. मूळ पीसीत अशा ८ ओळी होत्या, एटीत १६. त्यातल्या बऱ्याचशा घड्याळ, कीबोर्ड, डिस्क, प्रिंटर आणि सिरियल पोर्ट यांनी आधीच धरलेल्या असायच्या.

मग कोणता पत्ता घ्यायचा हे ठरवायचं कोणी? माणसाने. कार्डावर पिनांच्या जोड्या असायच्या आणि त्यांवर प्लास्टिकच्या इवल्याशा टोप्या बसवायच्या. त्यांना जंपर म्हणतात. टोपी इकडे बसवली तर एक पत्ता, तिकडे बसवली तर दुसरा. दोन कार्डांना एकच ओळ दिली गेली तर दोन्ही बिघडायची आणि कुठलाही संदेश यायचा नाही. सॉफ्टवेअर ठरलेल्या पत्त्यावर हाक मारायचं, तिथून 'ओ' आली नाही तर थांबायचं किंवा सगळं यंत्रच अडकवून टाकायचं.

आपल्याकडे या काळाची एक खास आठवण आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट' हे भारतीय लिप्यांचं तंत्रज्ञान सी-डॅककडे आलं आणि त्यातून जिस्ट कार्ड तयार झालं. डॉसवर चालणाऱ्या पीसीला देवनागरी येत नव्हती. हे कार्ड स्लॉटमध्ये बसवलं की डॉसमधल्या मजकुरावर चालणाऱ्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्येही भारतीय लिपी दिसायची. इस्की संकेतप्रणालीचं भारतीय मानक आयएस १३१९४ हे १९९१चं. आज मोबाइलवर मराठी टाइप करताना आपल्या मनात हार्डवेअर येतही नाही. पण त्या वर्षांत पडद्यावर मराठी अक्षर उमटणं हे स्लॉटमधल्या एका कार्डावर अवलंबून होतं.

१९९१ सालीच लिनक्सही आलं आणि त्याला हाच आयएसएचा गोंधळ वारशात मिळाला. ड्रायव्हर काय करायचे? कार्ड ज्या पत्त्यांवर असण्याची शक्यता आहे, त्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन टकटक करायचे. याला प्रोबिंग म्हणतात. यात धोका असा की एका कार्डाला शोधताना दुसऱ्याच कार्डाच्या दारावर थाप पडायची आणि ते कार्ड गोठून जायचं. म्हणून कर्नलला बूट होतानाच "या पत्त्यांना हात लावू नकोस" असं सांगण्यासाठी 'रिझर्व्ह' नावाचं पॅरामीटर ठेवावं लागलं. ही शोधण्याची पद्धतच बिघाड घडवू शकत होती. प्रायोगिक विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचं वाटेल. मोजमापाची कृतीच मोजायच्या गोष्टीला धक्का लावते, तसंच हे.

कार्ड स्वतः बोलू लागलं

१९८७ साली आयबीएमने मायक्रो चॅनेल आणलं. त्यात प्रत्येक कार्डाला ओळख-क्रमांक होता आणि मांडणी फ्लॉपीवरच्या फाइलमधून व्हायची, जंपर लागत नव्हते. कल्पना चांगली होती, पण जुनी कार्डं त्यात बसत नव्हती आणि इतर कंपन्यांना परवान्याच्या अटी मान्य नव्हत्या. ते फार पसरलं नाही.

खरा बदल १९९२ साली इंटेलने मांडलेल्या पीसीआयमुळे झाला. पीसीआयमध्ये प्रत्येक कार्डावर २५६ बाइटांची एक ठरलेली जागा असते, तिला कॉन्फिगरेशन स्पेस म्हणतात. तिच्या पहिल्या दोन बाइटांत उत्पादकाचा क्रमांक आणि पुढच्या दोन बाइटांत उपकरणाचा क्रमांक असतो. संगणक एकेका स्लॉटला विचारतो, "तू कोण?" कार्ड असेल तर ते आपले क्रमांक देतं. कार्ड नसेल तर उत्तर द्यायला कोणीच नसतं आणि वाचलेले सगळेच्या सगळे बिट १ येतात. तो क्रमांक कोणत्याही उत्पादकाला दिलेला नाही. म्हणजे पहिल्यांदाच "इथे कोणी नाही" हे खात्रीने वाचता येऊ लागलं.

ओळख झाल्यावर संगणक विचारतो, "तुला किती जागा लागेल?" यासाठी कार्डावर बेस अ‍ॅड्रेस रजिस्टर म्हणजे बार असतात. त्यात सगळे १ लिहायचे आणि परत वाचायचे. जे बिट बदलत नाहीत त्यांवरून कार्डाला किती मोठा पत्त्यांचा तुकडा हवा ते कळतं. मग संगणक सगळ्यांना जागा वाटून देतो. जंपरने माणूस जे करत होता, ते आता ही प्रश्नोत्तरं करू लागली.

याचा संशोधनाला काय उपयोग झाला, हे पाहायला लांब जायची गरज नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मधल्या चौकात आणि १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर. या सगळ्या अँटेनांचे संकेत एकत्र करून गुणाकार-बेरजा करणाऱ्या यंत्रणेला बॅकएंड म्हणतात. सुरुवातीचा बॅकएंड खास बनवलेल्या हार्डवेअरचा होता. नंतर तिथल्या संशोधकांनी सॉफ्टवेअर बॅकएंड उभा केला. त्याबद्दलचा शोधनिबंध २०१०चा आहे. ३२ अँटेनांपर्यंतची सोय, ३३ मेगाहर्ट्झ बँडविड्थ, दोन्ही ध्रुवणं आणि तेही प्रत्यक्ष वेळेत. यासाठी वापरलं काय? पीसीआयमध्ये बसणारी अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कार्डं आणि ४८ नोडचं लिनक्स क्लस्टर. सगळं बाजारात मिळणारं सामान.

हे केवळ पीसीआयमुळे शक्य झालं असं मी म्हणणार नाही. वेगवान प्रोसेसर, गिगाबिट नेटवर्क आणि अतिशय बारकाईने लिहिलेला कोड, सगळंच त्यात आहे. पण बाजारातून आणलेलं कार्ड स्लॉटमध्ये घातल्यावर "मी अमुक, मला एवढी जागा लागेल" असं स्वतः सांगतं, हा त्या इमारतीचा पाया होता. प्रत्येक यंत्रात हाताने जंपर जुळवत असा क्लस्टर उभा करायची कल्पना करून पाहा.

हस्तांदोलन : पीसीआय एक्सप्रेस

२००३च्या सुमारास पीसीआय एक्सप्रेस आलं. सॉफ्टवेअरच्या नजरेतून ते जुन्या पीसीआयसारखंच ठेवलं, कॉन्फिगरेशन स्पेस मात्र ४,०९६ बाइटांची झाली. खाली तारांच्या पातळीवर सगळं बदललं. जुन्या पीसीआयमध्ये सगळी कार्डं एकाच सामायिक बसवर असायची. आता प्रत्येक कार्डाशी स्वतंत्र, दोन टोकांची लिंक असते आणि नाव विचारण्याआधी ती लिंक जुळावी लागते.

आमच्या पूर्णा जंक्शनवरच्या जुन्या रेल्वे कर्मचाऱ्यांना हे पटकन समजेल. एकेरी मार्गावर गाडी सोडायची तर ड्रायव्हरच्या हातात टोकन लागायचं. ते टोकन एका स्टेशनच्या मर्जीने निघत नसे; पुढच्या स्टेशनने संमती दिल्यावरच यंत्रातून बाहेर येई. गाडीत काय माल आहे हा प्रश्न नंतरचा. आधी दोन्ही स्टेशनांचं एकमत हवं.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये या एकमताला लिंक ट्रेनिंग म्हणतात. पहिली पायरी 'डिटेक्ट'. प्रेषक तारेवरचा व्होल्टेज बदलतो आणि तो किती वेळात चढतो ते पाहतो. पलीकडे रिसीव्हर जोडलेला असेल तर चढायला जास्त वेळ लागतो. म्हणजे कोणीतरी आहे. मग 'पोलिंग', मग 'कॉन्फिगरेशन', आणि सगळं जमलं की 'एल-शून्य' ही चालू अवस्था. हे घडण्यासाठी तीन गोष्टी आधी जागेवर हव्यात: स्थिर वीज, १०० मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉक आणि योग्य वेळी सुटणारा रीसेट. कार्डाच्या स्लॉटसाठीचा नियम असा की वीज स्थिर झाल्यावर किमान १०० मिलिसेकंद रीसेट धरून ठेवायचा. तो सोडल्यावरही कार्डाला तयार व्हायला वेळ द्यायचा आणि मगच नाव विचारायचं.

इथे "कार्ड दिसत नाही" या वाक्याचा अर्थच बदलतो. कार्ड चांगलं असू शकतं, स्लॉट चांगला असू शकतो, पण रीसेट लवकर सुटला तर हस्तांदोलनच होत नाही.

नकाशा लिहिणारा माणूस

डेस्कटॉपवर ही सगळी सरबराई बायोस किंवा फर्मवेअर करतं. मदरबोर्ड बनवणाऱ्याने वीज, क्लॉक, रीसेट यांचा क्रम आधीच बसवलेला असतो. म्हणून डेस्कटॉपवर वाढलेल्या आपल्याला वाटतं, कार्ड घातलं की दिसणारच. एम्बेडेड बोर्डावर ही गृहीत धरलेली व्यवस्था बहुतेक वेळा नसते. एआरएम चिपच्या आत पीसीआय एक्सप्रेसचा कंट्रोलर असतो, पण तो कोणत्या पत्त्यावर आहे, त्याचा रीसेट कोणत्या पिनेवर आहे, कार्डाची वीज कोणत्या रेग्युलेटरमधून येते, हे कर्नलला आपोआप कळत नाही. कोणीतरी ते लिहून द्यावं लागतं.

आधी ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेतल्या वेगळ्या फाइलमध्ये कर्नलच्या आतच लिहिलेली असायची. बोर्ड वाढत गेले तशा फाइली वाढत गेल्या. मार्च २०११ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी एआरएमच्या या पसाऱ्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. उपाय जवळच होता. सन कंपनीच्या यंत्रांतून आलेल्या ओपन फर्मवेअरच्या परंपरेत, ज्याचं आयईईई १२७५ हे मानक १९९४चं आहे, यंत्राच्या भागांचं वर्णन एका झाडासारख्या रचनेत ठेवलं जाई. पॉवरपीसीवरच्या लिनक्सने ते आधीच स्वीकारलं होतं. तेच आता एआरएमवर आलं. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.७ पासून एकच कर्नल अनेक एआरएम मंचांवर चालवण्याची सोय झाली. बोर्डाचं वर्णन वेगळ्या फाइलमध्ये गेलं. ही फाइल म्हणजे डिव्हाइस ट्री.

डिव्हाइस ट्री म्हणजे गावाचा नकाशा. कर्नल त्या नकाशावर विश्वास ठेवतो. नकाशात पीसीआय कंट्रोलरपुढे 'स्टेटस' या जागी 'डिसेबल्ड' लिहिलं असेल, तर कर्नल तिकडे फिरकतही नाही. रीसेटची पिन चुकीची लिहिली, किंवा तिचा स्तर उलटा लिहिला, तर कर्नल प्रामाणिकपणे कार्डाला कायमचं रीसेटमध्ये धरून ठेवतो. ही चूक जंपर चुकीच्या जागी बसवण्याच्या चुकीची सख्खी बहीण आहे. तीस वर्षं फिरून जबाबदारी पुन्हा माणसाकडे आली.

खोडदच्या गोष्टीतही हे वळण आहे. जीएमआरटीचं पुढे उन्नतीकरण झालं आणि कमाल बँडविड्थ ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. त्या नव्या बॅकएंडमध्ये रोच नावाचे बोर्ड आणि जीपीयू वापरले गेले. रोच बोर्डावर व्हर्टेक्स-५ एफपीजीए असते आणि शेजारी एक पॉवरपीसी प्रोसेसर, ज्यावर लिनक्स चालतं. म्हणजे हा एम्बेडेड लिनक्सचाच बोर्ड. त्यावर एडीसी कार्डं झेड-डॉक नावाच्या कनेक्टरने बसतात. इथे पीसीआयसारखी "तू कोण?" ही प्रश्नोत्तरं होत नाहीत. समोर कोणतं एडीसी कार्ड आहे हे एफपीजीएचं डिझाइन तयार करतानाच ठरवलेलं असतं. वेग हवा होता, म्हणून ओळखीचं काम पुन्हा अभियंत्याच्या डोक्यात आणि त्याने लिहिलेल्या डिझाइनमध्ये गेलं.

जंपर परत येतो

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जे बोर्ड जास्त दिसतात, त्यांनी मधला मार्ग काढला. २०११ साली आलेल्या बीगलबोनवर वर बसणाऱ्या कार्डांना केप म्हणतात. प्रत्येक केपवर एक छोटी ईईप्रॉम असते आणि तिच्यात कार्डाचं नाव लिहिलेलं असतं. बोर्ड आय-टू-सी बसवरून ते वाचतो. त्यासाठी चार पत्ते राखलेले आहेत, म्हणून जास्तीत जास्त चार केप. आणि पत्ता ठरतो कसा? केपवरच्या स्विचने किंवा जंपरने! दोन केपचा पत्ता एकच राहिला की १९८५चाच गोंधळ पुन्हा.

रास्पबेरी पायने २०१४ मध्ये हॅट ही पद्धत आणली. त्यासाठी दोन पिना राखून ठेवल्या आहेत. बूट होताना फर्मवेअर त्यांवरून ईईप्रॉम वाचतं. त्या ईईप्रॉममध्ये नावासोबत डिव्हाइस ट्रीचा तुकडाही ठेवता येतो. म्हणजे कार्ड येताना आपला नकाशा सोबत घेऊन येतं. मला ही कल्पना फार आवडते, कारण चाळीस वर्षांतल्या दोन पद्धती, कार्डाने बोलणं आणि माणसाने लिहिणं, इथे एकत्र येतात. पण बाजारातली पुष्कळ स्वस्त कार्डं ईईप्रॉमशिवाय येतात. ती कधीच आपोआप ओळखली जाणार नाहीत. त्यांना खराब म्हणणं अन्याय आहे. उदाहरणच द्यायचं तर रास्पबेरी पाय ५ वर पीसीआय एक्सप्रेसची जोडणी आहे, पण स्वतःची ओळख न देणारं कार्ड लावलं तर कॉन्फिग फाइलमध्ये ती जोडणी आपल्याला हाताने सुरू करावी लागते.

आकार एक, गेज वेगळा

अजून एक कारण, जे प्रत्यक्षात खूप वेळ खातं. मनमाड-सिकंदराबाद मार्ग आधी ब्रॉडगेज झाला, तेव्हा अकोल्याकडची लाइन काही वर्षं मीटरगेजच होती. पूर्णा स्टेशन एकच, पण एका फलाटावरचा डबा दुसऱ्या रुळावर चालणार नाही. स्लॉटचंही असंच असतं. मिनी पीसीआय एक्सप्रेसच्या कनेक्टरवर पीसीआय एक्सप्रेससोबत यूएसबीच्याही पिना असतात. बोर्ड बनवणारा कधीकधी फक्त यूएसबीच्याच तारा जोडतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर मोबाइल मॉडेम असतो. त्यात पीसीआयचं कार्ड बसतं छान, पण दिसणार कधीच नाही. एम.२ स्लॉटमध्येही कुठे साटा, कुठे पीसीआय एक्सप्रेस, कुठे यूएसबी असतं. खाचेची जागा थोडीफार कल्पना देते, पूर्ण खात्री देत नाही. मी पाहिलेल्या एका प्रयोगशाळेत "खराब" चिठ्ठी लावलेलं एक कार्ड केवळ दुसऱ्या बोर्डावर लावल्यावर पहिल्याच बूटला दिसलं. आधीच्या स्लॉटमध्ये त्याच्यासाठीच्या तारा नव्हत्याच. त्यामुळे कार्ड विकत घेण्याआधी बोर्डाचा सर्किट आराखडा उघडून पाहायचा, हे प्रस्तावाच्या बजेटइतकंच महत्त्वाचं.

इतिहासातून निघणारा तपासाचा क्रम

आता हे सगळं कामाला लावू. सर्वांत आधी स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि कर्नलचा बूट-अहवाल, म्हणजे 'डीमेसेज', वाचा. त्यात पीसीआय कंट्रोलरशी संबंधित ओळी शोधा. साधारण तीनपैकी एक चित्र दिसेल.

पहिलं चित्र: पीसीआयचा उल्लेखच नाही. म्हणजे नकाशात गडबड आहे. चालू असलेला डिव्हाइस ट्री 'प्रोक' फोल्डरखाली पाहता येतो. कंट्रोलरचा स्टेटस 'ओके' आहे का? त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का? आपण बदललेली फाइलच बूटलोडर उचलतोय का, की जुनीच? या टप्प्यावर कार्ड बदलून काहीही होणार नाही.

दुसरं चित्र: कंट्रोलर जागा झालाय, पण 'लिंक डाउन' किंवा 'फाय लिंक नेव्हर केम अप' अशा अर्थाची ओळ आहे. म्हणजे हस्तांदोलन झालं नाही. आता मल्टिमीटर घ्या. कार्ड बसवलेलं असताना स्लॉटवर ३.३ व्होल्ट टिकतात का? मोठ्या स्लॉटच्या काही कार्डांना १२ व्होल्टही लागतात. रीसेटची ओळ बूट झाल्यावर वरच्या स्तरावर जाते का? ती खालीच राहत असेल तर पुन्हा नकाशाकडे जा, पिन आणि तिचा स्तर तपासा. १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक पाहायला ऑसिलोस्कोप लागेल. तो नसेल तर जवळच्या विद्यापीठाच्या विभागात विचारा. हे सगळं ठीक असेल तर डिव्हाइस ट्रीमध्ये लिंकचा कमाल वेग पहिल्या पिढीपुरता मर्यादित करून पाहा. लांब किंवा हलक्या दर्जाच्या रिबन केबलवर यामुळे लिंक जुळू शकते. बूट झाल्यावर 'रिस्कॅन' केल्यावर कार्ड दिसलं तर समजा, त्याला तयार व्हायला कमी वेळ मिळतोय. मात्र काही ड्रायव्हर बूटच्या वेळी लिंक न जुळल्यास माघारच घेतात. तिथे रिस्कॅन करायला बसच उरत नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरं चित्र: यादीत कार्डाचा क्रमांक आहे, पण ते चालत नाही. अभिनंदन, ओळखीचा प्रश्न संपला! आता प्रश्न जागेचा किंवा ड्रायव्हरचा. अहवालात बारला जागा मिळाली नाही अशी ओळ असेल, तर कार्डाला हवा असलेला पत्त्यांचा तुकडा या छोट्या चिपच्या खिडकीपेक्षा मोठा आहे. तशी ओळ नसेल, तर कार्डापुढे ड्रायव्हरचं नाव लागलंय का ते पाहा.

यासोबत एक अदलाबदलीचा प्रयोग करा. हेच कार्ड डेस्कटॉपवर दिसतं का? आणि चांगलं म्हणून माहीत असलेलं दुसरं कार्ड या बोर्डावर दिसतं का? दोन्ही उत्तरं 'हो' आली तर कार्डही चांगलं आणि स्लॉटही चांगला. बिघाड त्यांच्या जोडीत आहे, म्हणजे वीज, वेळ किंवा वेग यांत. ही दोन उत्तरं वहीत लिहिल्याशिवाय कोणत्याही कार्डावर "खराब" चिठ्ठी लावू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये हेच शिकवलं होतं, इथे त्याची खरी परीक्षा असते.

हे प्रबंधात का यायला हवं

काहींना वाटेल, हे तंत्रज्ञाचं काम, संशोधकाचं नाही. पहिली गोष्ट, आपल्याकडच्या बहुतेक लहान प्रयोगशाळांत तंत्रज्ञ नसतो. तुम्हीच तो असता. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पीसीआय एक्सप्रेसची लिंक पूर्ण वेगाने जुळली नाही तर ती कमी वेगाने किंवा कमी लेनवर जुळते. कार्ड यादीत दिसतं, काम करतं, आणि तरी माहिती वेळेत वाहून नेली जात नाही. मोजमापाच्या कार्डात असं झालं आणि सॉफ्टवेअर लक्ष ठेवत नसेल, तर मधले नमुने गळून पडतात. नमुने गळले की वेळेचं मोजमाप बिघडतं, वेळ बिघडली की वारंवारता बिघडते, आणि तुमच्या आलेखात एक सुंदर पण खोटं शिखर उभं राहू शकतं. पूर्ण न दिसणाऱ्या कार्डापेक्षा अर्धवट जुळलेलं कार्ड संशोधनाला जास्त घातक असतं.

म्हणून प्रयोगवहीत पहिल्या दिवसापासून एवढं लिहीत जा: बोर्डाची आवृत्ती, कर्नलची आवृत्ती, फर्मवेअरची आवृत्ती, वापरलेल्या डिव्हाइस ट्रीची प्रत, आणि लिंक किती वेगाने व किती लेनवर जुळली ती ओळ. एका पानाचं काम आहे. आयएसएच्या काळातली सावध माणसं कार्डाच्या डब्यावर जंपरची मांडणी पेनाने लिहून ठेवायची, कारण ते विसरलं तर पुढचा माणूस अडकायचा. आपलंही काम तेच आहे, फक्त डब्याच्या जागी प्रबंधाचं परिशिष्ट आहे.

विभागात एखाद्या कपाटात "खराब" चिठ्ठी लावलेलं कार्ड असेल तर या सुट्टीत ते बाहेर काढा, मार्गदर्शकांची परवानगी घ्या आणि वरचा क्रम चालवून पाहा. ते चाललं तर निर्लेखनाच्या यादीतून एक नाव कमी होईल. नाही चाललं, तरी ते का चालत नाही हे वाक्य तुम्हाला पुराव्यासह लिहिता येईल.